उद्यानातील दिवे

सूर्य मावळतीला गेला, गुरे गोठ्याकडे परतली, की मराठी घरात दिवेलागण होते. देवापुढे समई तेवू लागते, तुळशीपाशी पणती ठेवली जाते. या दिव्यात तेल कोणी घालावे, वात कोणी सारावी, याविषयी घरात कधी वाद होत नाही. ते काम घरच्या माणसांचेच असते. परंतु उंबरठा ओलांडून बाहेर पडले म्हणजे प्रश्न निराळा होतो. रस्त्यावरचा, चौकातला किंवा उद्यानातला दिवा कोणी लावावा? तो विझला तर कोणी बोलावे, आणि कोणापाशी बोलावे? शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वयाने कितीही लहान असो, या प्रश्नांची उत्तरे समजून घेतली पाहिजेत.

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन मोठी शहरे. नांदेड गोदावरीच्या काठी वसलेले असून तेथील हुजूर साहिब गुरुद्वारामुळे देशभर विख्यात आहे. लातूर ओळखले जाते ते गंजगोलाईच्या गोलाकार बाजारपेठेमुळे आणि अलीकडच्या काळात तेथील शिक्षणामुळे. दोन्ही शहरांतील उन्हाळा कडक असतो. चैत्र-वैशाखात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. दुपारी उद्यानातील घसरगुंडीचा पत्रा इतका तापतो, की त्याला हात लावणेही शक्य होत नाही. अशा प्रदेशात उद्यानाचा खरा उपयोग ऊन उतरल्यानंतरच होतो. मे महिन्यात सूर्य मावळतो तो सातच्या सुमारास, आणि हवेत थोडासा गारवा येतो तो त्याहूनही उशिरा. हिवाळ्यातील अडचण याच्या उलट असते. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारासच सूर्यास्त होतो. शाळा सुटून घरी यावे, दप्तर ठेवावे, दोन घास खावेत आणि खेळायला निघावे, तोवर अंधारून आलेले असते. म्हणजे उन्हाळ्यात उन्हामुळे दिवस वाया जातो आणि हिवाळ्यात दिवसच पुरत नाही. ज्या उद्यानात दिवे नाहीत, ते शहराच्या नकाशावर असते. पण लोकांच्या दिनक्रमात त्याला जागा राहत नाही.

अंधार पडू लागला म्हणजे उद्यानातून सर्वांत आधी कोण उठून जाते, हे पाहण्यासारखे असते. प्रथम उठतात वृद्ध माणसे. कारण उखडलेली फरशी किंवा वाटेवर आलेले झाडाचे मूळ त्यांना दिसत नाही, आणि उतारवयात एकदा पडणे फार महागात पडते. त्यांच्यामागून लहान मुलांना घेऊन आलेल्या आया निघतात. मग मुली निघतात. "दिवेलागणीच्या आत घरी ये," असे मुलीला बजावले जाते. तिच्या भावाला बहुधा तसे सांगितले जात नाही. लातुरात शिक्षणासाठी आसपासच्या गावांतून आलेले हजारो विद्यार्थी आणि विद्यार्थिनी वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहतात. दिवसभर वर्गात बसल्यावर मोकळ्या हवेत चार पावले चालावीत असे त्यांतल्या मुलींनाही वाटते. परंतु त्यांची शिकवणी सुटते तेव्हा काळोख झालेला असतो. उद्यानाच्या फाटकाला कुलूप लागलेले नसते. तरीही दिवे नसले, की ते काही जणांपुरते बंदच झालेले असते. उद्यान तर सर्वांच्या करातून उभे राहते. मग त्यातून निम्म्या लोकांना तिन्हीसांजेलाच निघून जावे लागले, तर तो त्यांच्यावर अन्यायच नव्हे काय?

सार्वजनिक जागी उजेड असावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रातील अनेक देवळांसमोर दगडी दीपमाळा उभ्या आहेत. सणावारी त्यांवर दिवे लागत आणि सारे आवार उजळून निघे. मात्र तो प्रकाश उत्सवापुरता असे. रोजच्या रोज, कोणत्याही भेदाशिवाय, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी रस्त्यावर दिवा लावणे ही पुढच्या काळातील गोष्ट होय. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली वायूचे दिवे प्रथम लागले. दिवे लावणारा माणूस खांबापाशी जाऊन एकेक दिवा पेटवी, आणि ते नवल पाहण्यासाठी लोक जमत. पुढे वीज आली. बंगळूर शहरात ५ ऑगस्ट १९०५ रोजी विजेचे पथदिवे लागले. त्यांसाठीची वीज कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथून तारांनी आणलेली होती. तेलापासून वायूपर्यंत आणि वायूपासून विजेपर्यंत दिव्याचे रूप पालटत गेले. त्याबरोबर एक विचारही रुजत गेला. घरातील दिवा कुटुंबाने लावावा, तसा गावातील दिवा गावाच्या संस्थेने लावावा, हा तो विचार होय.

आज आपल्या देशात या विचाराला राज्यघटनेचा आधार आहे. १९९२ साली घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे सोपवता येतील असे अठरा विषय त्या अनुसूचीत दिले आहेत. उद्याने, बागा व क्रीडांगणे हा त्यांपैकी एक विषय आहे, तर रस्त्यांवरील दिव्यांसह सार्वजनिक सुविधा हा दुसरा आहे. नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका १९९७ साली स्थापन झाली, आणि लातूर नगरपालिकेचे रूपांतर २०११ साली महानगरपालिकेत झाले. महानगरपालिकांचा कारभार ज्या कायद्याने चालतो, त्यात सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. म्हणून दिवा मागणारा नागरिक कोणाकडे कृपेची याचना करीत नसतो. तो एका संस्थेला तिच्या कामाची आठवण करून देत असतो.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. दिवा विजेवर चालतो, म्हणून तो वीज कंपनीचा, असे पुष्कळांना वाटते. दिवा विझला, की ते महावितरणच्या कार्यालयात जातात आणि तेथून "काका, हा दिवा आमच्याकडे येत नाही," असे उत्तर ऐकून निराश होऊन परततात. वस्तुतः महावितरण वीज पुरवते आणि त्या विजेचे देयक पाठवते. शहरातील सार्वजनिक दिवे बसवणे आणि त्यांची देखभाल करणे हे काम बहुधा महानगरपालिकेच्या विद्युत विभागाचे असते, तर झाडे, बाके आणि पायवाटा उद्यान विभागाकडे असतात. दिव्यापुढे फांदी आली असेल, तर ती आपण होऊन तोडणेही योग्य नाही. शहरातील झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे, आणि तोडणी-छाटणीचे काम महानगरपालिकेला विचारूनच व्हावे लागते. योग्य दारावर टकटक करणे ही नागरिकांच्या प्रयत्नांतील पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी म्हणजे नीट पाहणे. "उद्यानात अंधार आहे, काहीतरी करा," एवढ्या एका वाक्याच्या तक्रारीने फारसे काही घडत नाही; कारण ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके काय करावे हे तिच्यातून कळत नाही. या बाबतीत जगातील काही शहरांनी एक चांगली पद्धत घालून दिली आहे. कॅनडातील टोरांटो शहरात स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १९८९ साली ती तयार केली. तिला सुरक्षा-पाहणी म्हणता येईल. चार-सहा जणांनी, विशेषतः स्त्रियांनी, अंधार पडल्यावर एकत्र निघायचे आणि आपल्या वस्तीतून किंवा उद्यानातून सावकाश चालायचे. समोरून येणाऱ्याचा चेहरा किती पावलांवरून ओळखू येतो? फाटक कोठे आहे ते दिसते काय? झुडपामागे कोणी लपून बसू शकेल अशी जागा आहे काय? हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कोणी असते काय? असे प्रश्न एकमेकांना विचारायचे आणि उत्तरे जागच्या जागी लिहून काढायची. पुढे दिल्लीतही जागोरी या संस्थेने अशा पाहण्या केल्या. या पद्धतीचे मर्म साधे आहे. जागा सुरक्षित आहे की नाही, हे कचेरीतील नकाशावरून कळत नाही. जिला त्या जागी भीती वाटते, तिला विचारूनच ते कळते.

अशी पाहणी करताना दिवे मोजले, तर पुष्कळसा उलगडा आपोआप होतो. समजा, एका उद्यानात वीस खांब आहेत आणि त्यांपैकी सात दिवे लागत नाहीत. हे सात दिवे सर्वत्र विखुरलेले असतील, तर बहुधा ते दिवेच निकामी झालेले असतात आणि ते बदलावे लागतात. सातही खांब एकाच रांगेत असतील, तर त्या रांगेला जाणारी तार तुटली असण्याचा संभव अधिक. मग नवे दिवे आणून काय उपयोग? सगळे दिवे लागतात, पण अंधार पडून तास उलटल्यावर लागतात, असे दिसले तर दोष घड्याळाचा असतो. अनेक ठिकाणी दिवे ठरावीक वेळी आपोआप लावणारे यंत्र बसवलेले असते. उन्हाळ्यात सातची ठेवलेली वेळ हिवाळ्यात कोणी बदलली नाही, तर सूर्यास्तानंतर तासाभराहून अधिक वेळ उद्यान काळोखात राहते. हा दोष दूर करायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. तो कोणीतरी ध्यानात आणून द्यावा लागतो, एवढेच. उद्यानाचा साधा नकाशा काढावा, प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा आणि कोणता दिवा चालू, कोणता बंद, कोणता फांद्यांआड गेलेला, याची नोंद करावी. हे काम सातवी-आठवीतील मुलेही उत्तम रीतीने करू शकतात.

तिसरी पायरी म्हणजे लेखी अर्ज. अर्जात उद्यानाचे नाव, पाहणीची तारीख, बंद खांबांचे क्रमांक आणि मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी. त्याला नकाशा जोडावा, आणि उद्यानात येणाऱ्या लोकांच्या सह्या घ्याव्यात. त्या सह्यांत वृद्ध, गृहिणी, दुकानदार, विद्यार्थी असे सर्व प्रकारचे लोक असावेत. अर्ज कार्यालयात दिल्यावर त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेण्यास विसरू नये. हा क्रमांक म्हणजे अर्ज पोहोचल्याचा पुरावा होय. तो नसेल, तर पुढच्या भेटीत "अर्ज मिळालाच नाही" असे ऐकण्याची पाळी येते. आपल्या प्रभागाच्या लोकप्रतिनिधीलाही एक प्रत द्यावी. मोठे काम असेल, तर त्यासाठी महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद व्हावी लागते. म्हणून अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी मागणी पोहोचलेली बरी. इतके करूनही उत्तर आले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा उपयोगी पडतो. दहा रुपये शुल्क भरून कोणत्याही नागरिकाला विचारता येते, की या उद्यानाच्या दिव्यांसाठी किती रक्कम मंजूर झाली, ती कोठे खर्च झाली आणि देखभालीचे काम कोणाकडे आहे. सर्वसाधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते.

या मार्गात एक आक्षेप हमखास पुढे येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरात प्यायला पाणी नाही तेथे उद्यानात दिवे कशाला, असे विचारले जाते. लातूरकरांना या प्रश्नाची धार चांगली ठाऊक आहे. २०१६ सालच्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी एप्रिल महिन्यात पाण्याची पहिली गाडी लातुरात पोहोचली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले होते. अशा शहरात पाण्याला पहिला मान मिळावा, यात शंका नाही. परंतु उद्यानातील दिव्यांना खर्च किती येतो, तेही मोजून पाहिले पाहिजे. ४० वॉटचे वीस एलईडी दिवे मिळून ८०० वॉट होतात. ते संध्याकाळी सहा ते रात्री अकरा असे पाच तास चालले, तर रोज ४ युनिट आणि महिन्याला सुमारे १२० युनिट वीज लागते. पंखे, दिवे आणि दूरदर्शन असलेल्या एखाद्या कुटुंबाला महिन्याला साधारण इतकीच वीज लागते. एका घराच्या विजेत शेकडो लोकांची संध्याकाळ उजळत असेल, तर ती चैन म्हणता येणार नाही. नागरिकांनी असा हिशेब मांडून मागणी केली, म्हणजे तिला वजन येते.

तथापि, दिवे लागले म्हणजे काम संपले असे नव्हे. दिवा कसा असावा, हेही जाणून घेतले पाहिजे. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स हे आहे. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर सुमारे पाव लक्स प्रकाश पडतो, तर भर दुपारच्या उन्हात तो सुमारे एक लाख लक्स असतो. मोठ्या रहदारीच्या रस्त्यांवर सरासरी ३० लक्स आणि वस्तीतील लहान रस्त्यांवर ४ ते ८ लक्स प्रकाश असावा, असे भारतीय मानक सांगते. यावरून दिसते, की पायी चालणाऱ्याला फार मोठ्या झगमगाटाची गरज नसते. दिव्याची उंची दुप्पट केली, तर त्याच्या बरोबर खाली पडणारा प्रकाश चौथाईवर येतो. म्हणून उद्यानाच्या मध्यभागी एकच उंच, प्रखर दिवा लावण्यापेक्षा पायवाटेच्या कडेने बेताच्या उंचीचे अनेक दिवे लावणे हितकर ठरते. प्रखर दिव्याकडे पाहिले, की डोळे दिपतात आणि त्याच्या पलीकडचा अंधार अधिकच गडद वाटतो. प्रकाश जमिनीवर आणि माणसांच्या चेहऱ्यावर सारखा पडावा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पडू नये.

दिव्याच्या रंगालाही महत्त्व आहे, हे मुंबईच्या एका उदाहरणावरून कळते. मरीन ड्राइव्हवरील पिवळसर दिव्यांची रांग रात्री एखाद्या रत्नहारासारखी दिसते. २०१५ साली तेथील जुने दिवे काढून पांढरे एलईडी दिवे बसवण्यात आले. नव्या दिव्यांना वीज कमी लागे. पण त्या पांढऱ्या प्रकाशाने किनाऱ्याची शोभा गेली, अशी तक्रार अनेक मुंबईकरांनी केली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे तेथे पिवळसर छटेचे एलईडी दिवे लावण्यात आले, म्हणजे वीजही वाचली आणि शोभाही राहिली. अधिकाऱ्यांनी वीज वाचवण्याचा विचार केला, तो योग्यच होता. नागरिकांनी त्यात एका गोष्टीची भर घातली. रोज त्या रस्त्याने चालणाऱ्या माणसाला जे दिसते, ते कधी कधी योजना आखणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

प्रकाशाची मागणी करताना अंधाराचीही थोडी कणव बाळगावी लागते. उद्यान हे माणसांप्रमाणे पाखरांचे, वटवाघळांचे आणि किड्यामुंग्यांचेही घर असते. रात्रभर जळणाऱ्या निळसर-पांढऱ्या दिव्यांभोवती असंख्य कीटक घिरट्या घालून मरतात, आणि झाडावर विसावलेल्या पक्ष्यांची झोप मोडते. या दृष्टीने विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण बोधप्रद आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले 'काळोख्या आकाशाचे उद्यान' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांच्या जागी केवळ जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. फक्त आकाशात वाया जाणारा उजेड थांबला. शहरातील उद्यानालाही हा धडा घेता येईल. दिव्यावर टोपण असावे, त्याची छटा पिवळसर असावी, दाट झाडीत प्रकाशाचा झोत सोडू नये आणि उद्यान बंद होण्याच्या वेळेनंतर बहुतेक दिवे मालवावेत. अशी विचारपूर्वक केलेली मागणी वृक्षप्रेमी माणसालाही पटते.

चांगल्या दिव्यांनी नेमके काय साधते, याची पाहणीही झालेली आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात २०१६ साली काही सार्वजनिक वसाहतींत मोठे दिवे उभारण्यात आले आणि त्यांची तुलना तसे दिवे नसलेल्या वसाहतींशी करण्यात आली. दिवे लावलेल्या ठिकाणी रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे आढळून आले. हा लाभ लहान नव्हे. तरीही उरलेले गुन्हे घडलेच, हेही विसरता येत नाही. दिवा स्वतः कोणाचे रक्षण करीत नाही. तो माणसांना दिसू देतो. एकमेकांकडे लक्ष ठेवणे हे माणसांनीच करायचे असते. उजळलेल्या पण निर्मनुष्य उद्यानात एकट्या मुलीला भीती वाटणारच. त्याच उद्यानात आजोबांची बैठक भरली असेल, मुले चेंडू खेळत असतील, बाया फेऱ्या मारीत असतील, तर तिलाही निर्धास्तपणे चालता येते. दिव्यांमुळे माणसे येतात आणि माणसांमुळे जागा सुरक्षित होते, असा हा क्रम आहे.

म्हणूनच दिवे लागल्यावर नागरिकांचे काम निराळ्या रूपाने चालू राहते. नेम धरून दिवा फोडणारा मुलगा, खांबाला जाहिरातीचा फलक बांधणारा व्यापारी, तार चोरून विकणारा भामटा, हे सर्व मिळून महिन्याभरात उद्यान पुन्हा अंधारात लोटू शकतात. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे आपल्या राज्यघटनेत म्हटले आहे. दिवा फुटल्याचे दिसताच त्याच दिवशी कळवावे. उघड्या पडलेल्या तारेला हात न लावता मोठ्या माणसांना सांगावे. आणि महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून खांबांची मोजणी करावी. मागणी करण्याचा उत्साह पुष्कळांना असतो. राखण करण्याची चिकाटी थोड्यांपाशी असते, आणि उद्यान टिकते ते त्या थोड्यांमुळेच.

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या उद्यानात वैशाखातील संध्याकाळी गेल्यास या साऱ्या खटाटोपाचे फळ दिसते. ऊन उतरलेले असते, झाडांना नुकतेच पाणी घातलेले असते, आणि पायवाटेवरचे दिवे एकेक करून लागतात. बाकावरच्या आजीला आता उठण्याची घाई नसते. तिची नात शिकवणीहून येते, दप्तर तिच्यापाशी ठेवते आणि मैत्रिणींबरोबर धावायला जाते. आजी लांबूनच तिच्याकडे पाहत असते. ती दूरच्या वळणावर पोहोचली, तरी तिथल्या दिव्याखाली तिचा चेहरा आजीला ओळखू येतो.